तारीख नको, विमान पुरे करा

“काय सर, विमान आलं काय न्हाई अजून?”

आमच्या शिक्षक-खोलीत गेली दोन वर्षे माझे स्वागत या प्रश्नाने होते. विचारणारा हसत असतो आणि बाकीचे चहाच्या कपाआड हसू लपवतात. मी मराठीचा एम.ए., वय पंचावन्नच्या पुढे, हायस्कूलचा मुख्याध्यापक. अशा गृहस्थाने रात्री जेवण आटोपून संगणकावर विमान चालवावे, आणि अजून तयारही न झालेल्या विमानाची चातकासारखी वाट पाहावी, ही त्यांना गंमत वाटते. वाटू दे. थट्टेचा मला राग नाही. पण तिच्यामागे जी वृत्ती दडली आहे ती घातक आहे असे माझे मत आहे, आणि तिच्याशी भांडण काढण्यासाठीच हा लेख.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरच्या संगणकावर चालणारा फ्लाइट सिम्युलेटर हा कार्यक्रम जुना आहे. मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ साली निघाली. मूळ कार्यक्रमासोबत काही विमाने मिळतातच. त्याखेरीज बाहेरच्या कंपन्या एकेक विमान स्वतंत्रपणे बनवून विकतात. त्याला ॲड-ऑन म्हणतात. चांगल्या प्रवासी विमानाची किंमत साठ-सत्तर डॉलरच्या घरात जाते. मी वाट पाहतो आहे ती बोईंग ७४७-४०० या जंबो विमानाच्या नव्या ॲड-ऑनची. “सिम्युलेटरबरोबर जंबो फुकट मिळतं की! मग आणखी पैसे कशाला?” असे एका सहकाऱ्याने विचारले. २०२० च्या आवृत्तीबरोबर ७४७-८ हे विमान आले होते हे खरे. पण त्यातली कित्येक बटणे नुसती चित्रे होती. दाबा, फिरवा, काही होत नसे. दिसायला विमान, आतून पोकळ. मला आत यंत्र असलेले विमान हवे आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: याचा उपयोग काय? घरच्या सिम्युलेटरवरचा एक तासही वैमानिकाच्या परवान्यात धरला जात नाही, हे मला मान्य आहे. मी उद्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून खरे विमान उडवणार नाही, हेही मान्य. पण “खेळणे” म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने १९२९ साली जमिनीवरच हलणारे शिकाऊ विमान तयार केले. त्याच्या वडिलांचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला जसा भाता असतो तसे ऑर्गनचे भाते वापरून त्याने ते डुलते विमान उभे केले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत! पुढे १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत लष्कराचे वैमानिक एकामागून एक मेले, तेव्हा त्याच लष्कराने ही ‘खेळणी’ विकत घेतली. उपयोग अगोदर सिद्ध करा, मगच शिका, असा हट्ट धरला असता तर लिंकचे यंत्र जत्रेतच राहिले असते.

दुसरा वर्ग माझ्याच पंगतीतला आहे, आणि त्याच्यावर माझा राग अधिक आहे. हे सिम्युलेटरचे शौकीन. कंपनीने विमानाची घोषणा केली की दुसऱ्या दिवसापासून यांचा घोष सुरू होतो: तारीख सांगा! महिना लोटला की शिव्या. दोन महिने लोटले की फसवणुकीचे आरोप. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सिम्युलेटरसाठी पीएमडीजी या कंपनीचे बोईंग ७७७ यायला २०२४ चा जून उजाडला. वाट लांबली खरी. पण घाई करून काय साधते? बाजारही हुशार आहे. लोकांना तारीख हवी ना? घ्या तारीख! अर्धवट विमान विकायचे, पैसे पदरात पाडून घ्यायचे आणि दुरुस्त्या मागाहून पाठवत राहायचे. काम अपुरे आहे असे स्पष्ट सांगून ए-३२० निओ विमान फुकट देणारे आणि रोज सुधारणारे स्वयंसेवकही या क्षेत्रात आहेत. त्यांना माझा नमस्कारच आहे. माझी तक्रार अपुऱ्याला पुरे म्हणण्याबद्दल आहे.

एक-दोन बटणे चालली नाहीत म्हणून काय आकाश कोसळते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मला आठव्या वर्षी मिळाले आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. आतली २१३ माणसे गेली. आमच्या घरी वर्तमानपत्र उशिरा येई. आजोबांनी ती बातमी मोठ्याने वाचली आणि अर्ध्यावर थांबले, हे मला आजही आठवते. पुढे कारण वाचनात आले. विमान उजवीकडे वळून पुन्हा सरळ झाले होते. पण ते किती कलले आहे हे दाखवणारे कप्तानापुढचे यंत्र बिघडले होते, आणि विमान अजून उजवीकडेच झुकले आहे असे ते सांगत राहिले. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. डोळ्यांना क्षितिजाचा आधार नाही. कप्तानाने विमान डावीकडे वळवले, वळवतच नेले. इतर यंत्रे ताडून विमानाची खरी स्थिती ओळखता आली नाही.

७४७-४०० हे त्यानंतरच्या पिढीचे विमान. त्यात कलाची माहिती तीन स्वतंत्र स्रोतांतून येते. एकाने दगा दिला तर कप्तानाला बटण फिरवून दुसरा निवडता येतो. शिवाय आणीबाणीसाठी एक छोटे यंत्र वेगळे असते. आता सांगा, ॲड-ऑन बनवणाऱ्याने घाईपोटी हे तीन स्रोत तीन न बनवता एकाच तारेला बांधले, तर मी काय शिकणार? बटण फिरवले तरी आकडा तोच. म्हणजे ते विमान मला खोटे शिकवणार, आणि शिकलो अशा समाधानात मी निजणार. पोकळ बटणापेक्षा हे वाईट. पोकळ बटण निदान आपले अज्ञान कबूल करते.

इथे मला स्वतःच्या पदराखालचे झाकलेले उघडे करावे लागेल. काही वर्षांपूर्वी तपासणी तोंडावर आली होती. नववीचे विज्ञानाचे प्रयोग निम्मेही झाले नव्हते. मुलांनी एकमेकांच्या वह्या बघून निरीक्षणे उतरवली, आकृत्या सुबक काढल्या, आणि ‘सर्व प्रयोग पूर्ण’ या ओळीखाली मी सही केली. तारीख पाळली. शेरा उत्तम मिळाला. त्यानंतर एका मुलीने मला सहज विचारले, “सर, लिटमस खरंच लाल होतो काय?” वहीत तिने ‘लाल झाला’ असे लिहिले होते. ते अक्षरही सुंदर होते.

ती पोकळ बटणे होती आणि बनवणारा मी होतो.

म्हणून म्हणतो, “उपयोग काय” विचारणारे आणि “तारीख सांगा” ओरडणारे हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही शेवट हवा, वाट नको. एकाला गुणपत्रिका हवी, दुसऱ्याला खोके. मधला अभ्यास दोघांनाही वेळेचा अपव्यय वाटतो. माझे मात्र या दोन वर्षांत काही वाया गेले नाही. चार इंजिने सुरू करण्याचा क्रम, इंधनाचा हिशेब, वाऱ्याचे गणित हे सारे मी शब्दकोश उशाशी घेऊन वाचले. विमान यायच्या आधीच त्याने मला पुष्कळ दिले.

एअर इंडियाचे शेवटचे जंबो २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून कायमचे उडून गेले. त्या ताफ्यातले विमान आता मला पाहायला मिळणार नाही. पडद्यावर मिळेल तेव्हा ते आत-बाहेर खरे असावे, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी बनवणाऱ्यांनी आणखी एक दिवाळी घेतली तरी चालेल.

आणि यंदा नववीचे प्रयोग दिवाळीपर्यंत सहाच झाले. तक्त्यावर मी सहाच लिहिले आहेत. शेरा काय मिळायचा तो मिळो. सहाही प्रयोग मुलांनी आपल्या हातांनी केले आहेत, आणि लिटमस लाल झालेला त्या वर्गातल्या प्रत्येकाने पाहिला आहे.