प्रशिक्षक बदलला म्हणजे प्रश्न सुटला?

२१ मे २०२५ रोजी स्पेनमधील बिल्बाओ येथे टॉटनहॅम हॉटस्पर या लंडनच्या फुटबॉल संघाने मँचेस्टर युनायटेडला एक-शून्य असे हरवून युरोपा लीगचा चषक जिंकला. २००८ नंतर या संघाच्या हाती लागलेला हा पहिलाच चषक. युरोपीय स्पर्धेतील यश तर १९८४ नंतर प्रथमच. यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ६ जून रोजी, ज्या प्रशिक्षकाने हे यश मिळवून दिले त्या अँज पोस्टेकोग्लू यांना व्यवस्थापनाने निरोप दिला. कारण सर्वांना ठाऊक होते. त्याच हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये या संघाने ३८ पैकी २२ सामने गमावले होते आणि वीस संघांत तो सतराव्या क्रमांकावर राहिला होता. एका विजयाच्या भावनेवर निर्णय आधारता येणार नाही, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती.

या निर्णयाची बाजू प्रथम मांडली पाहिजे, कारण ती वरवर दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. संख्याशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, ३८ सामन्यांची साखळी हे मोजमाप बाद फेरीच्या सात सामन्यांपेक्षा अधिक विश्वसनीय होय. बाद फेरीत चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर, यावर इतिहास ठरतो; साखळीत नशिबाचे हिशेब बहुधा फिटतात. शिवाय, व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघाचा क्रमांक दीर्घकाळात मुख्यतः खेळाडूंच्या वेतनावरील खर्चाशी जुळतो, हे स्टीफन शिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने इंग्लिश क्लबांच्या अनेक वर्षांच्या आकडेवारीवरून दाखवून दिले आहे. वेतनखर्चाच्या दृष्टीने टॉटनहॅम हा सतराव्या स्थानाचा संघ नव्हता. सबब प्रशिक्षक अपेक्षेपेक्षा फारच कमी पडला, असे म्हणावयास जागा होती.

तथापि आकड्यांचा आधार घ्यावयाचा तर तो पुरताच घेतला पाहिजे. त्या हिवाळ्यात संघाचा गोलरक्षक आणि बचाव फळीतील दोन प्रमुख खेळाडू दीर्घकाळ जायबंदी होते. पुढे, खालच्या श्रेणीत जाणारे तिन्ही संघ एप्रिल संपण्यापूर्वीच निश्चित झाले. साखळीत वर चढण्याची आशा नाही आणि खाली घसरण्याची भीती नाही, अशा अवस्थेत प्रशिक्षकाने आपले मोजके धडधाकट खेळाडू युरोपीय स्पर्धेसाठी राखून ठेवले. शेवटच्या पाच साखळी सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नाही तो यामुळेही. मर्यादित साधने जेथे अधिक फळ देतील तेथे वापरावीत, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. पोस्टेकोग्लू यांनी तोच गिरवला. या निवडीचे फळ म्हणून क्लबला चषक मिळाला आणि पुढील हंगामात चँपियन्स लीगचे दारही उघडले. ते फळ व्यवस्थापनाने स्वीकारले आणि त्यासाठी मोजलेली किंमत मात्र प्रशिक्षकाच्या खाती मांडली. जमेची बाजू मालकाची आणि नावेची बाजू नोकराची, असा हा हिशेब आहे.

मुख्य प्रश्न याहून मोठा आहे: प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो काय? सामान्य अनुभव 'होय' म्हणतो. ओळीने चार-पाच सामने हरलेला संघ नवा प्रशिक्षक येताच एखाददुसरा सामना जिंकतो आणि वृत्तपत्रे नव्या वाऱ्यांविषयी लिहू लागतात. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या सर्वोच्च श्रेणीतील १९८६ ते २००४ या काळातील संघांचा अभ्यास केला. त्याची युक्ती साधी होती. वाईट कामगिरीनंतर प्रशिक्षक बदलणाऱ्या संघांची तुलना त्याने तितकीच वाईट कामगिरी होऊनही प्रशिक्षक कायम ठेवणाऱ्या संघांशी केली. दोन्ही गट सावरले. प्रशिक्षक बदलणाऱ्यांना त्याचा वेगळा लाभ झाल्याचे दिसले नाही. ताप उतरावयाचाच होता. त्या दिवशी जो वैद्य दारात उभा होता त्याला श्रेय मिळाले, एवढेच.

यावर नेहमी अॅलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण दिले जाते. नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडची सूत्रे घेतल्यावर पहिल्या चार हंगामांत त्यांचा संघ अनुक्रमे अकरावा, दुसरा, अकरावा आणि तेरावा आला. तरीही त्यांना ठेवले गेले आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेरा वेळा साखळीचे अजिंक्यपद मिळवले. हा दाखला मनोहर असला तरी मी त्यावर फार भार टाकणार नाही. संयम दाखवूनही काहीच हाती न लागलेल्या क्लबांची चरित्रे कोणी लिहीत नाही. त्याच मँचेस्टर युनायटेडने २०२४ च्या उन्हाळ्यात, साखळीत आठवा क्रमांक आला असताना, एफ. ए. चषक जिंकलेल्या एरिक टेन हाग यांना कायम केले, जुलैमध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढविला आणि ऑक्टोबरच्या २८ तारखेस त्यांना घरी पाठविले. करार वाढविल्यावर चार महिनेही न थांबणाऱ्या या वर्तनाला संयम म्हणता येत नाही आणि शिस्तही म्हणता येत नाही. नवे प्रशिक्षक रुबेन अमोरिम आल्यावरही तो हंगाम संघाने पंधराव्या क्रमांकावर संपविला.

आपल्या घरातले उदाहरण पाहू. खालिद जमील यांनी मुंबई एफ. सी. या संघाला २००९ पासून सुमारे सात वर्षे शिकविले. साधने तुटपुंजी, झगमगाट नाही. पण संघ आय-लीगमध्ये टिकून राहिला. २०१६ मध्ये त्यांची आणि क्लबची फारकत झाली. ते मिझोरामच्या ऐझॉल एफ. सी. कडे गेले आणि ३० एप्रिल २०१७ रोजी तो छोटासा संघ आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातील संघाने हा मान प्रथमच मिळविला. त्याच हंगामात मुंबई एफ. सी. तळाला गेला आणि त्याला खालच्या श्रेणीत जावे लागले. एका उदाहरणावरून सिद्धान्त निघत नाही, हे वर्गात आम्हीच सांगत असतो. परंतु संघ 'नुसता टिकून राहतो' या स्थितीमागे कोणाचे किती श्रम असतात, हे तो माणूस गेल्यावरच कळते, एवढा बोध यातून घ्यावयास प्रत्यवाय नसावा. हेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

मग बदल का होतात? १९६४ मध्ये गॅमसन आणि स्कॉच या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी बेसबॉलविषयी लिहिताना याला बळीचा बकरा शोधण्याचा विधी म्हटले होते. वीस खेळाडू विकता येत नाहीत, मालक स्वतःला काढून टाकीत नाही, प्रेक्षक तर दाम मोजून आलेला. उरतो तो प्रशिक्षक. टॉटनहॅमने नोव्हेंबर २०१९ ते जून २०२५ या सहा वर्षांहूनही कमी काळात पाच पूर्णवेळ प्रशिक्षकांना निरोप दिला. त्यांतील जोसे मोरिन्यो यांना तर चषकाच्या अंतिम सामन्याला सहा दिवस उरले असता काढले. पाच वेळा निवड चुकत असेल तर दोष निवडलेल्यांचा की निवडणाऱ्यांचा, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा होता.

प्रशिक्षक कधीच बदलू नये, असे अर्थातच माझे म्हणणे नाही. खेळाडूंचा त्याच्यावरील विश्वास उडाला असेल, सर्व खेळाडू उपलब्ध असतानाही खेळ खालावत असेल किंवा ठरलेल्या धोरणाला तो जाणूनबुजून हरताळ फासत असेल, तर निरोप देणे हेच शहाणपणाचे. परंतु यशाचे माप कोणते, हे हंगामापूर्वी ठरवून त्याला सांगितलेले असले पाहिजे. या कसोट्यांवर पोस्टेकोग्लू यांना आणखी एक हंगाम मिळावयास हवा होता, असे माझे मत आहे. पुढे सप्टेंबरमध्ये ते नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले आणि आठ सामन्यांत एकही विजय न मिळाल्याने ३९ दिवसांत तेथूनही बाहेर पडले. यावरून टॉटनहॅमचा निर्णय योग्य ठरला असे मानणाऱ्यांनी आठ सामन्यांवरून माणूस जोखता येतो काय, याचे उत्तर द्यावे.

मैदानापासून दूर असलेल्या आपल्यासारख्यांचाही यात संबंध आहे. फार वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात माझ्या विषयाचा निकाल एका वर्षी एकदम घसरला. त्या वर्षी तुकडीत प्रवेश कोणाला मिळाला होता, ग्रंथालयात क्रमिक पुस्तकांच्या प्रती किती होत्या, हे कोणी विचारले नाही. खुलासा मात्र माझ्याकडून मागविला गेला. पुढच्या वर्षी निकाल आपोआप सुधारला आणि तो खुलासा मागविल्यामुळेच सुधारला, अशी संबंधितांची प्रामाणिक समजूत झाली. एका वर्षाच्या निकालावरून शिक्षकाला, एका गोपनीय शेऱ्यावरून कारकुनाला आणि एका प्रश्नपत्रिकेवरून विद्यार्थ्याला आपण असेच जोखत असतो. माणूस बदलणे सोपे असते, कारण त्याला एक सही पुरते. ज्या परिस्थितीत तो काम करतो ती बदलावयाची तर सही करणाऱ्यालाच आधी बदलावे लागते.