राबत्या मडक्याची कैफियत

जुन्या होपी मृत्पात्रांचे मोल आज बाजारात ज्या निकषांवर ठरते, ते चित्रणाचे सौंदर्य, पात्राची अखंडता आणि कर्तीच्या नावाची प्रसिद्धी हे होत. ज्या पात्राने एखाद्या कुटुंबाची पुष्कळ वर्षे सेवा केली आणि त्या सेवेच्या खुणा अंगावर बाळगल्या, त्याला त्या खुणांमुळेच गौणत्व यावे, हा न्याय मला उफराटा वाटतो.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या ईशान्येस, सपाट माथ्याच्या रुक्ष टेकड्यांवर होपी या आदिवासी जमातीची गावे वसली आहेत. वाल्पीसारख्या गावी पाणी टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यांवरून चढवून आणावे लागे. म्हणून तेथील पाणी वाहण्याच्या मातीच्या बुधल्याची एक बाजू पाठीला टेकण्यासाठी चपटी, दुसरी फुगीर आणि दोर ओवण्यासाठी दोन्ही अंगांना कान, अशी त्याची घडण सिद्ध झाली. रांधण्याची मडकी मात्र वाळू मिसळलेल्या भरड मातीची, बिनरंगाची आणि काजळीने काळवंडलेली असत. कारण वाळूमुळे ती विस्तवाचा ताप न तडकता सोसत. याखेरीज मक्याचे पीठ भिजवण्याची पसरट पात्रे आणि धान्याचे रांजण हा सारा सरंजाम स्त्रिया चाकाविना, मातीच्या वळ्या एकावर एक रचून, गोट्याने घोटून आणि पुढे शेणाच्या आचेत भाजून सिद्ध करीत. स्पॅनिश लोकांबरोबर मेंढरे येण्यापूर्वी हेच भाजकाम दगडी कोळशावर होत असे. होपी वहिवाटीनुसार घर स्त्रीचे आणि कुळ आईकडून चालणारे असल्यामुळे, या भांड्यांचा इतिहास हा वस्तुतः त्या घरांच्या स्वामिनींचा इतिहास आहे.

तो इतिहास दप्तरी मात्र फारसा दाखल झाला नाही. 1879 मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या वतीने जेम्स स्टीव्हन्सन यांची मोहीम या मुलखात उतरली. त्यापूर्वीच टॉमस कीम या व्यापाऱ्याने तेथे आपली पेढी थाटली होती. या दोन्ही वाटांनी राबत्या घरांतील पात्रे मोठ्या संख्येने दूरच्या संग्रहालयांकडे रवाना झाली. पुढे लोहमार्ग जवळ आला, पत्र्याची व कल्हईची स्वस्त भांडी चुलीपर्यंत पोचली आणि मातीचे पात्र घरगुती गरजेपेक्षा प्रवाशांच्या खरेदीसाठी अधिक घडू लागले. 1895 मध्ये फ्यूक्स या संशोधकाने सिक्याटकी या प्राचीन गावाच्या अवशेषांत उत्खनन केले. तेथील प्राचीन पात्रांच्या शैलीला नवजीवन देणारी हानो गावची थोर कलावती नॅम्पेयो 1905 मध्ये ग्रँड कॅन्यनच्या काठावरील ‘होपी हाउस’ या विक्रीगृहात प्रवाशांसमोर पात्रे घडवीत होती. तिची प्रतिभा वादातीत आहे, आणि बाजारानेच ही कला जगवली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु एका नावाचा गौरव करताना ज्यांची नावे कोणी विचारलीच नाहीत, अशा असंख्य स्त्रियांचे श्रम केवळ ‘होपी, एकोणिसावे शतक’ एवढ्या मजकुरात गुंडाळून ठेवणे, ही नोंद अपुरी आहे.

येथे एक विवेकही राखला पाहिजे. सिक्याटकीतील कित्येक पात्रे दफनभूमीतून उकरून काढलेली होती; मृतांसोबत ठेवलेल्या वस्तूंचा प्रश्न केवळ रसिकतेचा नसून वंशजांच्या हक्काचा आहे, आणि अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने अशा वस्तू परत मागण्याची वाटही मोकळी केली आहे. घरातून विकत घेतलेल्या भांड्याची गोष्ट निराळी. तथापि त्याविषयी बोलण्याचा पहिला मान होपी कुंभारणींचाच असावा, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी सारखेच लागू पडते.

संग्रहपालांनी म्हणून दोन गोष्टी कराव्यात. काजळीचे मडके तळघरातून काढून रंगीत पात्राच्या शेजारी, तितक्याच सन्मानाने मांडावे. आणि तपशिलाच्या पाटीवर शैली व काळ यांच्याआधी त्यात काय शिजत वा साठत असे, हे होपी स्त्रियांना विचारून लिहावे. झिजलेला काठ हा दोष मानून किंमत कमी करणाऱ्या सौदागराला वस्तूची पारख असेल. पण ती वस्तू ज्या संसारासाठी घडली, त्याची नाही.