मुलांना आतल्या खोलीत पाठवू नका

या समूहावर गणपती, फराळ, जुने वाडे यांच्या आठवणी आवडीनं वाचतो. आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती लोक थोडे, त्यामुळे आमच्या घरांतलं इथं फारसं कुणी लिहीत नाही. आज मी लिहितो. विषय आठवणीचा आहे, तसा थोडा वादाचाही आहे.

रविवारच्या उपासनेशिवाय आमच्यात आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. जुनी माणसं तिला कॉटेज मीटिंग म्हणत. पाच-सात कुटुंबं, दोन-तीन गीतं, बायबलचा एक उतारा, त्यावर बोलणं, मग एकेकाची प्रार्थना आणि शेवटी चहा. माझ्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, मुलांची वेगळी सोय असा प्रकारच नव्हता. सतरंजी अंथरणं, गीतांची पुस्तकं वाटणं हे आमचं काम. वडील पेटी वाजवत. टाळ माझ्याकडे असायचा, आणि ताल सुटला की ते पेटी न थांबवता नुसत्या डोळ्यांनी दटावत. ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं मला आजही तोंडपाठ आहेत, ती कुणी शिकवली म्हणून नव्हेत. ती कानावर पडत असतानाच आईच्या मांडीवर झोप लागायची. प्रार्थनेतलं निम्मं कळायचं नाही. पण आपले वडील, जे कुणापुढे मान वाकवत नाहीत, ते इथं डोळे मिटून काहीतरी मागतायत, एवढं बरोबर कळायचं.

आता काय होतं? सभा सुरू झाली की मुलं आतल्या खोलीत. दोन वर्षांमागे आमच्याच घरी सभा होती. चष्मा आणायला मी आत गेलो, तर पलंगावर सात मुलं, पाच मोबाईल आणि आवाज म्हणून नाही. आमच्या बँकेत ऑडिटच्या दिवशीसुद्धा एवढी शांतता नसायची.

पुढच्या सभेत मी विषय काढला. मुलं गोंधळ करतात, असं एक उत्तर आलं. करतात की! शुभवर्तमानात लोकांनी मुलं येशूकडे आणली तेव्हा शिष्यांनाही हीच अडचण वाटली होती, आणि येशू रागावला तो मुलांवर नव्हे, शिष्यांवर. दुसरं उत्तर, मुलांना काही कळत नाही. अहो, दहा वर्षांच्या मुलाला बँकेत स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवता येतं. पैशाचं कळतं आणि प्रार्थनेचं कळत नाही, हा हिशेब मला जुळवता आला नाही.

तिसरी हरकत मात्र खरी होती. एक भगिनी म्हणाल्या, मुलं समोर असली की मोकळं बोलता येत नाही. घरातलं आजारपण, कर्ज, कुणाचं पिणं, हे मुलांपुढे कसं काढायचं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : गीतं, वाचन आणि पहिली प्रार्थना मुलांसकट. मग मुलं अंगणात खेळायला, मोबाईल न घेता. पुढचा अर्धा तास मोठ्यांचा. एक अट मी हट्टानं घालून घेतली. मुलाला उभं करून ‘म्हणून दाखव बघू’ करायचं नाही. ती प्रार्थना नव्हे, बक्षीस समारंभ झाला.

माझा नातू दहा वर्षांचा. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यात कन्नड आणि हिंदी. मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. बायबल हातात दिलं तर हिंदीच्या जोरावर वाचू लागला आणि ‘बाळक’पाशी अडला. ‘आबा, हे कुठलं अक्षर?’ हिंदीच्या पुस्तकात ळ नाहीच. म्हटलं, अरे, कन्नडात ‘केळु’ म्हणतोस ना, त्यातला ळ. लगेच जमलं. त्या एका अक्षरावर आम्ही पाच मिनिटं घालवली आणि सगळी सभा थांबली. कुणी घड्याळ पाहिलं असेल तर पाहू दे. बेळगावात मराठीच्या नावानं आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो, पण मुलाच्या हातात मराठी पुस्तक आठवड्यातून एकदा तरी येतं काय?

आता अवघड भाग. गेल्या पावसाळ्यात एका सभेत मुलांच्या प्रार्थना चालल्या होत्या. कुणी परीक्षेसाठी, कुणी कुत्र्याच्या पायासाठी मागत होतं. माझा नातू म्हणाला, ‘प्रभू, आबा आणि धाकटे आबा परत बोलू देत.’

धाकटा भाऊ आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून. एकाच चर्चमध्ये जातो, पण बाक वेगळे. तो त्यासाठीच शुक्रवारच्या सभेला जाऊ लागला होता. सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि चार वर्षांत एकानंही माझ्यापुढे विषय काढला नव्हता. सुनेचा चेहरा उतरला. माझं आमेन बाकीच्यांच्या मागून आलं.

त्या रात्री मला नातवाचा रागच आला होता, हे कबूल करतो. मुलं आतल्या खोलीत असावीत असं मोठ्यांना का वाटतं, तेही त्या रात्रीच नीट समजलं. गोंधळाचं नुसतं निमित्त. तरीही माझं मत बदललेलं नाही. बाहेर बसल्यामुळे त्याला भांडण कळलं असं नाही, ते त्याला आधीच ठाऊक होतं. फक्त ते कुठं बोलावं, ही जागा त्याला मिळाली.

फोन करायला मला तीन आठवडे लागले. पलीकडून आवाज आला, ‘अण्णा, जेवलास काय?’ दोन मिनिटं बोललो, तेही पावसाबद्दल. वाटणीचा प्रश्न आहे तिथंच आहे. येत्या गुरुवारची सभा आमच्या घरी आहे, हे त्याच्या कानावर घातलंय. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

नातू सकाळपासून विचारतोय, धाकट्या आबांना चहात साखर चालते काय? मला सांगता येईना.