सामोपचार की उपकार? वरळीच्या खांबांचा धडा

वरळी कोळीवाड्याचा वाद ‘सामोपचाराने’ मिटला, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मिटला, हे खरे. पण कोणामुळे मिटला, हे सांगायची वेळ आली की कौतुक करणारे गप्प बसतात.

प्रकरण आठवा. मुंबईचा किनारी रस्ता सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले होते. क्लीव्हलँड बंदरातल्या बोटींची ये-जा नेमकी तिथूनच. कोळ्यांनी सांगितले, वारा आणि लाटा उसळलेल्या असताना एवढ्या फटीतून बोट काढणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी आधी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले. पालिका मात्र ६० मीटर पुरेसे आहे, हेच सांगत राहिली.

हे लोक थेट समुद्रात उतरले नव्हते. आधी ते कोर्टात गेले. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारपट्टी परवानगी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. शेवटी २०२१ मध्ये कोळ्यांनी बोटी आडव्या घालून पुलाचे काम रोखले, तेव्हा कुठे सरकारला चर्चा आठवली! डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झाले. एक खांब गळाला. एप्रिल २०२४ मध्ये सुमारे २,००० टनांची लोखंडी कमान तिथे बसलीसुद्धा. म्हणजे अडचण अभियांत्रिकीची नव्हती, ऐकून घेण्याची होती.

‘पण यात वेळ गेला, खर्च वाढला, त्याचे काय?’ असा प्रश्न येतो. जरूर विचारा, पण ज्यांनी समुद्रात रोज जाणाऱ्याला न विचारता नकाशा आखला त्यांना विचारा.

मासेमारी हा लोककलेचा देखावा नाही, व्यवसाय आहे. त्यामागे कर्ज आहे, डिझेलचा खर्च आहे, सहकारी संस्था आहेत. व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९(१)(छ) ने दिला आहे. बड्या कंपनीने हरकत घेतली की तिला ‘भागधारक’ म्हणून बैठकीला बोलावतात. कोळ्याने घेतली की तो ‘विकासविरोधी’ ठरतो. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लोकशाहीला धोक्यात आणेल. चर्चेच्या टेबलाभोवती आजही तीच विसंगती बसलेली असते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. खांब रोवल्यावर केलेली चर्चा ही चर्चा नव्हे, ती डागडुजी. नकाशा आखतानाच मच्छीमार संस्थांना बरोबरीची खुर्ची द्या, बैठकीचे इतिवृत्त मराठीत जाहीर करा, नकार दिला तर कारण लेखी द्या. वाढवण बंदराच्या बाबतीत पालघरचे मच्छीमार हेच सांगत आहेत.

१२० मीटर ही कोणाची मेहेरबानी नाही. ती लढून मिळवलेली जागा आहे.

जय भीम!