छपरावर चढवण्याआधी

मा. सचिव, नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, आणि मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, यांस



सिलिकॉनवर पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर चढवलेली सौर पॅनेल्स आता प्रयोगशाळेबाहेर पडली आहेत. २००९ साली जेमतेम ३.८ टक्के कार्यक्षमता दाखवणारा हा पदार्थ सिलिकॉनच्या जोडीनं ३४ टक्क्यांपुढे गेला. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीनं अशी पॅनेल्स अमेरिकेत विकलीसुद्धा. उद्या ती ‘पीएम सूर्यघर’ योजनेच्या अनुदानातून आपल्या छपरांवर येऊ शकतात. त्याआधी मोजमापाचे नियम बदला.

कारखान्यात पॅनेलवर क्षणभर लख्ख झोत टाकतात, तेवढ्यात वीज मोजतात आणि तो आकडा लेबलवर छापतात. सिलिकॉनला हे चालतं. पेरोव्स्काइटमधले आयन मात्र सावकाश सरकतात. व्होल्टेज चढवत नेलं तर एक आकडा येतो, उतरवत आणलं तर दुसरा, बहुधा जास्तीचा. जाहिरातीत कोणता जाईल ते सांगायला नको. पॅनेल सर्वाधिक वीज देतं त्या, म्हणजे कमाल शक्तीच्या, बिंदूवर काही मिनिटं धरल्यावर जो स्थिरावतो, तोच ग्राह्य माना.

टिकाऊपणाचं दुखणं मोठं आहे. आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकातली दमट उष्णतेची चाचणी, म्हणजे ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास, अंधारात होते. या थराला खरा मार बसतो तो ऊन, उष्णता आणि विजेचा दाब एकत्र आल्यावर. त्यात दिवसा घटलेली कार्यक्षमता रात्री थोडीफार भरून येते, त्यामुळे अखंड प्रकाशातली चाचणीही अपुरीच. थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचा. कडेचं सील सुटलं की ओल शिरते आणि काळपट थर कडेकडून पिवळा पडत जातो. तो पिवळा रंग लेड आयोडाइडचा, म्हणजे शिशाच्या विषारी संयुगाचा, आणि ते पाण्यात थोडं विरघळतं. कोकणातल्या पावसाळ्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

आयआयटी मुंबईचं फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्र आणि गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था यांनी देशभरातल्या जुन्या पॅनेल्सची पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशांत ती अधिक झिजलेली दिसली. तिथली माणसं हाताशी आहेत. त्यांच्याकडून रत्नागिरी, नागपूर आणि जैसलमेर इथं खुल्या आभाळाखाली किमान दोन पावसाळे चाचणी करून घ्या. उशीर होतो म्हणून कंपन्या कुरकुरतील, कुरकुरू द्या. मंत्रालयाच्या मंजूर मॉडेल्सच्या यादीत येण्यासाठी ही अट घाला आणि महिन्यागणिक आकडे जाहीर करा, नापास झालेल्यांचेही.

आपला,
एक वीजग्राहक