शाई जाते कुठे?

इंदूरहून धारकडे जाताना वाटेत बेटमा लागते. माझी मावसबहीण, आमची अक्का, लग्न होऊन तिकडे गेली. घरी शिकवणी घेते. दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर चहाच्या आधीच तिने मला प्रिंटरपुढे बसवले. इतकी वर्षे माळव्यात राहूनही चिडली की ती कन्नडच बोलते, "शायी एल्ली होतु?" शाईला दोन्हीकडे शाईच, त्यामुळे प्रश्न भाऊजींनाही कळला.

अक्का छापते काळी प्रश्नपत्रिका, तीही आठवड्याला दोन-चार पाने; आणि संपले होते रंगीत कार्ट्रिज! मुलेच चोरून चित्रे छापतात, असा भाऊजींचा निकाल. थोरल्याने दोनदा बोलणी खाल्ली होती.

मुलगा निर्दोष होता. इंकजेटची छिद्रे केसाहून बारीक, शाई तिथे वाळते. म्हणून यंत्र सुरू झाले की बऱ्याचदा स्वतःच सगळ्या रंगांची शाई ओढून छिद्रे धुते. ती शाई कागदावर येत नाही, पोटातल्या गादीत मुरते. काही यंत्रे काळा रंगही इतर रंग मिसळून करतात. त्यात अक्का विजेचे बिल वाचवायला छापून होताच भिंतीवरचे बटण बंद करायची. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केले, तरच छिद्रांवर नीट झाकण बसते.

खोक्यावरचा पानांचा आकडा मग खोटा का? तसे नाही. आयएसओची २००६ची पद्धत आहे. ठरलेली पाच पाने कार्ट्रिज संपेपर्यंत सलग छापून सरासरी काढतात. घरात असे कोण छापते? आपला हिशेब आपणच करावा. समजा कार्ट्रिज आठशेचे आणि प्रत्यक्ष पाने निघाली १६०, तर पान पाच रुपयांना पडले. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला याहून पुष्कळ स्वस्त.

अक्काला सांगितले, आठवड्याची पाने साठवून एका बैठकीत काढ. सेटिंगमध्ये 'ग्रेस्केल' आणि 'ड्राफ्ट' निवड. एक प्रत घरी, बाकीच्या झेरॉक्स. अक्षर पुसट आले की 'क्लीनिंग' पुन्हा पुन्हा दाबू नको, त्यातच शाई जाते. आपल्या सीमाभागात तर एकाच कार्यक्रमाची पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये काढावी लागते. तिथे ठळक टाइप टाळून दोन्ही मजकूर एकाच कागदावर बसवले, तर शाईबरोबर कागदही वाचतो.

खरोखर भरपूर छापणाऱ्यांनी शाईच्या टाकीचा प्रिंटर घ्यावा. एप्सनने तो २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात आणला, आता आपल्याकडेही सर्रास मिळतो. यंत्र महाग, शाई स्वस्त. मात्र त्याचे छापण्याचे डोके कायमचे असते. हलकी शाई भरून ते तुंबले, तर बचत दुरुस्तीत जाते. महिन्याला दहा पाने काढणाऱ्याने या भानगडीत पडू नये, असे माझे मत.

याच बेटम्यात भोजराजाचा इ.स. १०२०चा ताम्रपट सापडला आहे. "त्याला शाई लागली नाही," अक्का म्हणाली.

भाऊजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी आणली, ती मात्र आधी थोरल्याच्या बशीत वाढली.