हेलपाट्यांची अट कायद्यात कुठे आहे?

१९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी मताच्या हक्काचा प्रश्न मांडला. त्या काळी मत होते ते जमीनवाल्याला आणि कर भरणाऱ्याला. घटनेच्या कलम ३२६ ने ती अट गाडली. पण आज मतदार यादीत नाव घालायला गेलेल्या मजुराला काय ऐकावे लागते? "स्वतः या. हा कागद चालत नाही. साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या." दोन दिवसांची मजुरी बुडते, वर एस.टी.चे भाडे. हा कर नाही तर काय आहे?

आमच्या कार्यकर्त्यांनी मतदार नोंदणी नियम १९६० मधला नियम १४ एकदा वाचावा. दावा अधिकाऱ्याकडे नेऊन द्यावा किंवा टपालाने पाठवावा, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. आता ऑनलाइन मार्गही आहे. २०२५ मध्ये बिहारच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती नावे कारणांसह जाहीर करायला लावली आणि वगळलेल्यांना ऑनलाइन दावा करण्याची मुभा दिली. गावाबाहेर पोटासाठी गेलेल्या माणसाला हजर करण्याचा हट्ट तेथे टिकला नाही.

बीडचा कोयता घ्या. उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात आणि सहा-सहा महिने फडावर असतात. यादीची तपासणी नेमकी त्या दिवसांत आली की दाराला कुलूप दिसते आणि 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. हा शेरा बेकायदा आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम २० प्रमाणे तात्पुरते बाहेर राहिल्याने रहिवास संपत नाही. आणि रहिवास संपला म्हणून नाव काढायचे तर कलम २२ प्रमाणे आधी त्या माणसाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. कुलपाला नोटीस चिकटवणे म्हणजे संधी देणे, असे मानणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

तेव्हा मोर्चा काढायचा तो काढूच, पण आधी अर्ज भरू. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलला असेल तर नमुना ८. विहारात बसून भरा, मात्र साऱ्या वस्तीचा एकच गठ्ठा पाठवू नका. असे ठोक अर्ज आयोग स्वीकारत नाही. एका घराचे अर्ज एका पाकिटात, मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या नावे, स्पीड पोस्टने. झेरॉक्स आणि पावती घरी ठेवा. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तेव्हा ती पावतीच कामाला येते. टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे भाद्रपदातच, प्रत्येक वस्तीची यादी वाचून हे काम उरकले पाहिजे.